चढाआधी सोडलेलं पाणी

"वापरायच्या पाण्याच्या टाकीत किती पाणी आहे रे?" डोरीनने विचारलं. रॉइस बंद पडलेल्या गाडीच्या इंजिनातून येणाऱ्या वाफेकडे बघत होता.

"सकाळीच सोडून दिलं. चढ होता ना पुढे! गाडी हलकी होते. सगळेच सोडतात."

सोडतात, खरं आहे. पण चढापलीकडच्या मुक्कामाच्या तळावर नळ असतो म्हणून सोडतात. ही तिघं तर रॉइसच्या हट्टापायी मधल्याच कच्च्या वाटेला लागली होती.

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा," त्याची बायको लव्हॉन म्हणाली. तिघंही हसली. तेव्हा अजून हसू येत होतं.

डोरीनने उभा जन्म शाळेची बस चालवली. निवृत्तीनंतर तिने चूल-बिछान्यासकट हा जुना कॅम्पर घेतला आणि दरवर्षी या दोघांना घेऊन ती राष्ट्रीय उद्यानातलं वाळवंट हिंडायची. यंदा निघायला उशीर झाला, उन्हाळा चढला होता. गाडी बंद पडली तर कुणी खाली उतरायचं नाही, हा तिचा बसमधला कायदा. एकदा बस बर्फात अडकली तेव्हा पोरं रडली, पण उतरली नाहीत.

तिने चादरी बांधून दाराशी सावली केली. पिण्याच्या चार बाटल्या मधोमध ठेवल्या. फोनला रेंज नव्हती, वाऱ्याचं नाव नव्हतं. तिला भीती वाटत होती, ती दिसू नये म्हणून ती उगाच भांडी आवरत बसली.

"मागे डांबरी रस्ता लागला होता," रॉइस म्हणाला. "जाऊन येतो."

"गाडी सोडायची नाही. शोधणाऱ्याला गाडी दिसते, माणूस दिसत नाही."

"मी काय शाळेतलं पोर आहे?"

"पोरं ऐकायची माझं!"

लव्हॉन उन्हाने कावली होती. "जाऊ दे गं. घाण केलीय, निस्तरू दे त्यालाच."

रॉइसने टोपी चढवली. बाटली घेतली नाही. डोरीनने हाका मारल्या, पण त्याने मागे न बघता नुसता हात हलवला.

सावली फिरली. बाटल्या संपत आल्या. लव्हॉन उठली. "मी बघून येते. मीच बोलले ना त्याला तसं!"

"खाली बस."

"नवरा आहे माझा!"

डोरीन दारात आडवी बसली. लव्हॉनने तिला ढकललं, ओरबाडलं, नको नको ते बोलली. डोरीन हलली नाही. शेवटी लव्हॉन तिच्याच खांद्यावर कोसळून रडू लागली.

दिवस कलताना उद्यानाची जीप आली, पण समोरच्या बाजूने. रॉइस गेला त्या वाटेने जीप आलीच नव्हती. रेंजर पोरगी घाईघाईने पाणी ओतू लागली.

"दोघीच ना तुम्ही?"



"तिघं," डोरीन म्हणाली, आणि भरलेला पेला तसाच हातात धरून मागच्या वाटेकडे बघत राहिली.