गाय ज्वारीत शिरली तेव्हा

"दावं कुणी बांधलं होतं?"

"तुम्हीच की!"

"मी बांधलं असतं तर सुटलं असतं होय?"

"तुम्ही बांधलं म्हणूनच सुटलं!"

शिंपीदादा आणि वहिनी पळता पळता भांडत होते. मागं मी, शेजारी म्हणून. समोर गुडघाभर ज्वारीत त्यांची एकुलती एक गाय रवंथ करायच्या तयारीत उभी. तोंडातून हिरवं पान लोंबतंय.

पाऊस दडी मारून बसलेला. बाकी पिकांनी केव्हाच माना टाकल्या, ज्वारी तेवढी पानं गुंडाळून तग धरून होती. पण अशी तहानलेली, खुरटलेली ज्वारी जनावराला विष. त्या विषाची बाधा, म्हणजे किराळ, लागली की धडधाकट गाय बघता बघता आडवी होते.

तिला हुसकून बांधावर आणली. गुरांचा डॉक्टर फोनवर म्हणाला, "निघालोच. तोवर गुळाचं पाणी पाजा."

वहिनींनी बादलीभर कालवलं. दादांनी गाईच्या गळ्याला मिठी मारली आणि किंचाळले, "थरथरतीय गं! गेली आपली गाय!"

"ती नाही, तुम्ही थरथरताय! जरा सोडा तिला!"

सोडलं. गाईची थरथर थांबली. दादांची थांबेना.

मग बांबूच्या नळीनं पाणी पाजायला घेतलं. गाईनं असं फुर्रकन फुंकलं, की सगळं दादांच्या तोंडावर. पुन्हा भरली, पुन्हा तेच. दादा मटकन खाली बसले. "आता काय करायचं गं? ती आडवी झाली तर मी घरात पाऊल नाही टाकणार."

वहिनींचा चेहरा पांढराफटक. तेवढ्यात गाईनं मान खाली घातली आणि दादांचा गाल चाटला. मग कपाळ.

"हलू नका!" वहिनी ओरडल्या. तांब्यानं गुळाचं पाणी त्यांच्या डोक्यावर ओतायला लागल्या. "चाटू दे तिला. पोटात जातंय!"

"अगं, कातडी सोलतीय!"

"सोलू दे! तुमची परत येईल!"

डॉक्टर आला तेव्हा दादा डोळे मिटून, चिकट होऊन, "खा माझे आई, खा" असं पुटपुटत होते. नाकावर मुंग्या चढलेल्या. डॉक्टरनं सुई भरली आणि बांधावरच थबकला.

"विष कुणी खाल्लंय?"

गाय तपासून झाली. "वाचली. चार पानांवरच निभावलं."

ते ऐकून दादा खरोखरच आडवे झाले. वहिनी पदरात तोंड घालून रडायला लागल्या आणि रडता रडताच मला म्हणाल्या, "भावजी, त्यांना नंतर उठवा. आधी ते दावं तुम्ही बांधा."