काट्यापेक्षा खरा हात

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे आणि आयुष्यातले पाच महिने मी खोटं बोललो आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला जड जाणार नाही.

मी दुकानातला काटा नव्हे. मी अंगणवाडीतला, आढ्याच्या कडीला टांगायचा. घड्याळासारखं गोल पांढरं तोंड, त्यावर शून्यापासून पंचवीस किलोपर्यंतचे आकडे, पोटात स्प्रिंग आणि खाली हूक. हुकाला कापडी झोळी अडकवायची, झोळीच्या दोन भोकांतून बाळाचे पाय बाहेर काढायचे आणि हळूच हात सोडायचा. बाळ रडतं, माझी सुई थरथरते आणि समोर उभी असलेली आई श्वास धरून माझ्या तोंडाकडं बघत राहते. शंभर ग्रॅम वाढले की तिचे खांदे सैल पडतात. शंभर ग्रॅम उतरले, तर बाळाला बाहेर काढता काढताच ती म्हणते, "दात येतायत ना, म्हणून." कुणी विचारलेलं नसतं, तरी म्हणते.

कारखान्यात माझी स्प्रिंग तापवली, वळवली, शेकडो वेळा ताणून पाहिली. मग खोक्यात बसून मी आटपाडीला आलो आणि तिथून जीपनं माळावरच्या एका वस्तीवर. एका खोलीची अंगणवाडी, दारात लिंबाचं झाड, पलीकडं डाळिंबाच्या बागा. सेविका होत्या चंदनबालाबाई. माहेर सांगलीकडचं, बोलणं मऊ, शिस्त कडक. काही वर्षांनी त्यांच्या हाताखाली मदतनीस म्हणून आली अर्जुना. वस्तीतलीच नवी सून, आठवीत शाळा सुटलेली.

खोली झाडायची, खिचडी शिजवायची, घरोघर जाऊन मुलं गोळा करायची, आणि महिन्याच्या वजनाला मला कडीला टांगायचं, एवढंच तिचं काम. आकडा वाचायच्या बाई, लिहायच्याही बाईच. पण अर्जुना नुसती टांगून बाजूला होणारी नव्हती. तिनं आधी माझी सुई वाचायला शिकून घेतलं. मग बाईंच्या खांद्यावरून तक्ता बघायला शिकली: वजन हिरव्या पट्ट्यात असलं तर बरं, पिवळ्यात आलं तर काळजी, लाल म्हणजे दवाखाना. मग तिच्या लक्षात आलं, की आया बाळांना वाळी, कडदोरा, गळ्यातली पेटी सगळं घालूनच झोळीत बसवतात.

"आवं बाई, ह्यात शंभर-दीडशे ग्रॅम तर नुसती चांदीच हाय की," ती एकदा म्हणाली. त्या दिवसापासून बाळ उघडं करूनच वजन व्हायला लागलं. वस्तीवरच्या हरणाबाई तेव्हा केवढ्या तापल्या होत्या! "पोरगं उघडं करून टांगतीस, दिष्ट लागली तर तू काढणार व्हय गं?"

"काढीन की आत्या, मीठ-मोहऱ्या घिऊनच ठिवल्यात," असं म्हणत अर्जुनानं हसत हसत वाळी काढली.

तिचा हा चटपटीतपणा बघून बाईच एक दिवस म्हणाल्या, "अर्जुना, मी निवृत्त झाले की या जागेवर आधी तुझाच विचार होईल. पण बारावी लागते."

"बारावी? बाई, माझी आठवी झाली त्याला धा वर्सं झाली."

"मग सतरा नंबरचा फॉर्म कशाला असतो?"

शाळा सुटलेल्यांनी बाहेरून परीक्षेला बसायचा तो फॉर्म अर्जुनानं भरला. नवरा अमृत सगळ्यांदेखत चेष्टा करायचा, "कलेक्टरीणबाई, आज भाकरी मिळंल का पेपर हाय?" पण केंद्रावर मोटरसायकलवरून सोडायला तोच जायचा. दहावीला इंग्रजी राहिलं. पुन्हा बसली, सुटलं. खिचडी शिजेपर्यंत ती माझ्या खालीच पुस्तक घेऊन बसायची, म्हणून मला तिचा सगळा अभ्यास पाठ झाला होता. बारावी पास झाली त्या दिवशी तिनं पेढा आधी बाईंना दिला आणि मग, कुणी बघत नाही असं पाहून, माझ्या काचेवर हात फिरवला. एवढं कौतुक माझं कधी झालं नव्हतं.

तोवर माझे दिवस तसे सरत आले होते. चकचकीत डिजिटल काटा आला आणि मी कपाटावर गेलो. दोन वर्षं धूळ खाल्ली. मग तो बंद पडला, दुरुस्तीला गेला तो परत आलाच नाही, आणि अर्जुनानं मला पुसून पुन्हा कडीला टांगलं. मी आनंदात होतो. त्या आनंदातच पुढचं झालं.

माघात गावची जत्रा होती. अमृतला बोकड विकायचा होता आणि व्यापारी नुसत्या डोळ्यानं वजन ठरवत होता. "दे की काटा तासभर," तो म्हणाला. "बालवाडीची पोरं काय सुट्टीत वजनाला येत्यात?"

अर्जुनानं दिला. नको म्हणता आलं असतं, पण परीक्षेला चार वर्षं ने-आण करणाऱ्या माणसाला नको कसं म्हणायचं?

बोकड पंचवीस किलोच्या कितीतरी वरचा होता. चार पाय बांधून त्यांनी तो माझ्या हुकाला लटकवला. तो धडपडला, माझी सुई शेवटच्या आकड्यावर जाऊन आदळली आणि पोटात काहीतरी कायमचं ढिलं झालं. परत आल्यावर सुई शून्याच्या पुढं उभी दिसली, म्हणून अर्जुनानं वरचा स्क्रू फिरवून ती शून्यावर आणली. तिला वाटलं, झालं.

मलाही तसंच वाटलं होतं, मित्रांनो. रिकामा असलो की मी अगदी बरोबर शून्यावर उभा राहायचो. पण वजन लागलं की सुई नको तितकी पुढं पळायची. बाळ जेवढं जड, तेवढी माझी थाप मोठी.

आणि मग कौतुक सुरू झालं. पिवळ्या पट्ट्यातली मुलं हिरव्यात आली. पर्यवेक्षिका मॅडमनी बैठकीत नाव घेतलं. बाई त्याच उन्हाळ्यात निवृत्त होणार होत्या, अर्जुनाचे नेमणुकीचे कागद वर गेले होते आणि त्या कागदांबरोबर हे कौतुकही गेलं. आया खूश, आज्या खूश. मी मात्र सुई पुढं गेली की आतून चोरट्यासारखा होत असे.

बाईंच्या शेवटच्या महिन्यात हरणाबाई नातवाला घेऊन आल्या. ऋषिराज, चौदा महिन्यांचा. अर्जुनानं त्याला उचललं, झोळीत सोडलं. मी साडेआठ दाखवलं. हिरवा पट्टा.

"बघा! माझा वाघ!" हरणाबाई म्हणाल्या.

अर्जुनानं त्याला बाहेर काढलं, पण आजीकडं दिलं नाही. कडेवर घेऊन तशीच उभी राहिली. त्याच्या दंडाला चिमटीत धरून बघितलं.

"काय झालं गं?" बाईंनी विचारलं.

"बाई, काटा साडेआठ म्हनतोय. पन हात न्हाई म्हनतोय."

चौदा वर्षं ती मुलं उचलत होती. तिच्या हाताला कुणी प्रमाणपत्र दिलेलं नव्हतं, पण त्याला कळायचं. सगळी गेल्यावर तिनं आहाराची एक-एक किलोची सीलबंद पाकिटं काढली आणि आठ पाकिटं पिशवीत घालून मला लावली. माझी सुई आठवर थांबली नाही. आठ किलो सातशेवर गेली. तिनं पाकिटं काढली, पुन्हा लावली. पुन्हा तेच.

तिनं मनात हिशेब केला. "म्हंजे ऋषिराज पावनेआठच्या आसपास हाय. पिवळ्यात. बाई, ह्यो काटा जत्रंत मीच दिला हुता. बोकड तोलायला."

चंदनबालाबाईंनी दार लोटलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "महिनाभर थांब. तुझी ऑर्डर हातात पडू दे. मग काटा बिघडला म्हणून कळवू. तोवर त्या पोराला आपण गुपचूप जास्तीचा आहार देऊ."

त्या वाईट नव्हत्या. त्यांनी त्या मुलीला आठवीपासून इथवर येताना पाहिलं होतं.

"एक ऋषिराज माझ्या हाताला गावला, बाई," अर्जुना म्हणाली. "बाकीच्या सदतीस पोरांचं काय? लिवल्याबिगर दवाखाना कोन दावंल त्यास्नी?"

मॅडम त्याच आठवड्यात आल्या. अर्जुनानं त्यांच्यासमोर पुन्हा आठ पाकिटं लावून दाखवली आणि जत्रेतल्या बोकडाचंही सांगितलं. मॅडमचा चेहरा उतरला. कौतुक त्यांनीही वर कळवलं होतं ना!

"काटा बाहेर कुणी दिला?"

"मी दिला, मॅडम."

"तुला कळतंय का, तुझी ऑर्डर अडकेल यात?"

"व्हय."

"लेखी दे."

अर्जुनानं कागद ओढला. अर्जाचा नमुना तिनं बारावीच्या मराठीला पाच मार्कांसाठी घोकला होता. तेव्हा तो पोस्टमास्तरांना लिहायचा होता. आता तिनं खाली स्वतःचा गुन्हा लिहिला, एकही शब्द न लपवता. खाली सही केली. मी वरून बघत होतो.

शेजारच्या वस्तीवरचा काटा आणून सगळ्या मुलांची वजनं पुन्हा झाली. नऊ मुलं पिवळ्यात निघाली, दोन लाल. वस्तीवर गोंधळ उडाला. हरणाबाई तर दारात येऊन कडाडल्या, "बोकडापायी पाच म्हैनं फशिवलंस व्हय गं आमाला?"

"आत्या, शिव्या वाटंत द्या. जीप थांबलीया," एवढंच म्हणून अर्जुनानं ऋषिराजला कडेवर घेतलं. अकरा मुलं तपासणीला नेली. नंतर ती रोज त्या अकरा घरी जायची. खाऊ मुलाच्याच पोटात जातो का, जंताचं औषध दिलं का, सगळं बघायची. बाई निवृत्त झाल्या, जागा रिकामी राहिली, आणि अर्जुना मदतनिसाच्याच मानधनावर दोघींचं काम करत राहिली. अमृतनं एकदा डोकं खाली घालून म्हटलं, "माझ्यामुळं झालं." ती म्हणाली, "दिला मी. तू मागितलास फकस्त."

दिवाळीनंतर ऋषिराज हिरव्या पट्ट्यात आला, खरोखरीच्या. मॅडमनी आपल्या शेऱ्यात लिहिलं, की चूक मदतनिसानं केली, शोधली मदतनिसानं आणि निस्तरलीही तिनंच. पुढं काय झालं ते कार्यालयात झालं, मला ते कळलं नाही. मात्र एका सकाळी अर्जुना बाईंच्या खुर्चीवर येऊन बसली. खुर्चीच्या कडेवर, अवघडून. पुढ्यात साहित्याची नोंदवही होती. सेविका म्हणून तिची पहिली नोंद माझीच निघाली.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. मला जपा, असं मी म्हणणार नाही. मला तपासा. शून्यावर उभा आहे म्हणून कुणावर विश्वास टाकू नका. महिन्यातून एकदा खात्रीचं वजन लावून बघा. तुम्ही शिकाल, पुढं जाल, मोठ्या खुर्चीवर बसाल, तेव्हा स्वतःलाही असंच बघा. कौतुक सुरू असताना तर नक्कीच.

नोंदवहीत तिनं लिहिलं, 'वजनकाटा एक, नादुरुस्त.' पुढच्या रकान्यात कारण, 'मर्यादेपेक्षा जास्त वजन लावल्याने.' शेवटचा रकाना होता 'जबाबदार व्यक्ती'. तिथं बहुतेक वह्यांत रेघ मारलेली असते. अर्जुनानं तिथं स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं आणि खाली, आयुष्यात पहिल्यांदाच, 'अंगणवाडी सेविका' अशी सही केली.