वन्संच्या सपाता

"कुणाची तरी बादली भरून वाहतेय," वहिनी भिंतीकडे बघत म्हणाल्या.

आतल्या खोलीत खुर्ची सरकली. घरात माणसं दोनच, त्यामुळे बादली कुणाची हे भिंतीलाही ठाऊक होतं. वन्सं लगबगीने बाहेर आल्या. थंडीचे दिवस, पायांत जुने मोजे, आणि न्हाणीतलं पाणी पार दारापर्यंत आलेलं. धप्पकन आवाज झाला.

वहिनी हातातली सांडशी टाकून धावल्या. वन्संच्या काखांत हात घालून त्यांनी त्यांना उचललं आणि भिंतीला टेकवून बसवलं. दोघींना धाप लागली होती. कित्येक वर्षांत त्या एकमेकींच्या इतक्या जवळ आल्या नव्हत्या.

"लागलं नाहीये," वन्संनी समोरच्या दाराला सांगितलं.

वहिनींनी नळ बंद केला आणि लादी पुसायला फडकं आणलं.

वन्सं म्हणजे वहिनींच्या नवऱ्याची धाकटी बहीण. त्यांनी लग्न केलं नाही. एका कचेरीत टायपिस्ट म्हणून लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. वहिनी चपला-बुटांच्या दुकानात विक्रीला होत्या. नवरा होता तोवर घरातल्या कुरबुरी त्याच्या थट्टेत विरून जायच्या. मग एका सकाळी, वहिनी दुकानात असताना, तो बसल्या जागी गेला. घरात माणसं जमली होती, आणि त्या सगळ्यांसमोर वन्सं बोलून गेल्या, "तुम्ही आज कामावर गेला नसतात, तर दादा वाचला असता."

वहिनींनी त्यावर उत्तर दिलं नाही. त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही. वन्सं आपणहून काही बोलतील म्हणून वहिनी थांबल्या. वहिनी एकदा कडकडून भांडतील म्हणून वन्सं थांबल्या. थांबता थांबता दोघींचे केस पांढरे झाले. स्वयंपाकघराच्या वेळा वाटल्या गेल्या, फडताळातले कप्पे वाटले गेले. अगदीच अडलं तर बोलायला भिंत होती.

पण त्या धप्पकन आवाजाने वहिनींच्या मनात घर केलं. बादलीचं आपण बोललो नसतो तर त्या धावल्या नसत्या, हे काही केल्या डोक्यातून जाईना.

चार-पाच दिवसांनी त्या लोकरीच्या दुकानात गेल्या. बोटांचे सांधे धरलेले, त्यामुळे सुया काही हातात टिकत नव्हत्या. दुकानातल्या बाईंनी प्लास्टिकची एक लांबट चौकट पुढे केली. तिच्या कडेने खुंट्याच खुंट्या.

"प्रत्येक खुंटीला लोकरीचा वेढा घ्यायचा. दुसरा वेढा वर चढवला की खालचा या आकड्याने उचलून खुंटीवरून मागे टाकायचा. एवढंच."

"एवढंच?"

"टाच येईपर्यंत एवढंच. टाचेला मात्र देव आठवतो."

प्रश्न मापाचा होता. विचारायची सोय नव्हती. वन्सं सकाळी अंघोळ करून खोलीत गेल्या की लादीवर ओली पावलं उमटत. वहिनी टेप घेऊन तिथे गुडघे टेकून बसल्या. पाऊल कडेने वाळत आत येतं, म्हणून घाई करावी लागली. उजवं पाऊल जसं हवं तसं होतं. डावं मात्र पसरट होतं, मधला खळगा भरून गेलेला. जन्मभर लोकांच्या पायांशी बसलेल्या वहिनींना ते आवडलं नाही.

राखाडी लोकरीचे दोन पदर एकत्र घेऊन त्यांनी विणायला घेतलं. टाच वळवताना निम्म्या खुंट्या सोडून उरलेल्यांवरच मागे-पुढे जायचं होतं. पहिल्या खेपेला टाच पुढे आली, बोटांच्या बाजूला. वहिनी एकट्याच खुदकन हसल्या, आणि हे दाखवायला घरात कुणी नाही हे लक्षात येऊन गप्प झाल्या. उसवलं, पुन्हा विणलं.

पाय घसरू नये म्हणून तळाला आधी चिकट द्रवाचे ठिपके दिले. ते वाळल्यावर सपाता स्वतःच्या पायांत चढवल्या आणि न्हाणीत नळ धरून ओल्या लादीवर जोर देऊन पाहिला. पाय सरकला. मग त्या पूर्वी जिथे नोकरी करत होत्या त्या दुकानात गेल्या. तिथल्या चांभाराने रेघारेघांच्या पातळ रबराचा तुकडा कापून दिला आणि कडेने भोकंही पाडून दिली.

"कुणासाठी, बाई?"

"घरात आहे एक जण."

दाभणाने टाके घालून त्यांनी सोल बसवले. आता सपाता लादीला धरून राहत होत्या. एका सकाळी त्यांनी त्या वन्संच्या दाराशी ठेवल्या आणि त्या बाजारात निघून गेल्या.

परत आल्या तेव्हा शेजारीण दारात उभी होती आणि वन्संच्या पायांकडे बघत होती. "किती उबदार दिसतायत हो! कुठून आणल्या?"

"भाचीनं पाठवल्या असतील," वन्सं म्हणाल्या.

वहिनी दोघींच्या मधून आत गेल्या आणि भाजी निवडायला बसल्या. रागवावं असं काही झालं नव्हतं. सपाता पायांत होत्या, बस्स.

काही आठवड्यांनी स्वयंपाकघराच्या दाराशी आवाज आला. "डावी हल्ली घट्ट होतेय."

वहिनींनी डावी सैलसरच विणली होती. "पाय सुजला की माणसं डॉक्टरला दाखवतात," त्या भिंतीला म्हणाल्या.

"माणसांनी आपापलं बघावं."

वहिनींनी डावी उसवून आणखी मोठी केली. त्यानंतर एका सकाळी वन्संची स्वयंपाकघरात यायची वेळ झाली आणि टळून गेली. वहिनी दाराशी थांबल्या, मग त्यांनी दार ढकललंच. वन्सं पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून बसल्या होत्या. श्वास पुरत नव्हता.

"वन्सं! अहो वन्सं!"

"ओरडू नका. ऐकू येतंय मला."

इस्पितळात डॉक्टरांनी हृदय थकल्याचं सांगितलं. जिने बंद, धावपळ बंद. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर. भाची आली आणि तिने मावशीला स्वतःच्या गावी न्यायचं ठरवलं. तिचं घर तळमजल्यावर होतं. त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी खाटेवर पडल्या पडल्या वन्सं म्हणाल्या, "मी भाचीला तेव्हाच फोन केला होता. सपाता तिने नव्हत्या पाठवल्या."

"हं."

"मग तुम्ही सांगायचं नाही का?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

वन्संनी डोळे मिटले. ओठ हलले, पण तेवढ्यात परिचारिका औषध घेऊन आली. ती गेली तेव्हा वन्संना झोप लागली होती.

सकाळी गाडीत बसताना त्या "येते" म्हणाल्या. वहिनी "या" म्हणाल्या. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी त्या तिथेच उभ्या होत्या.

आता सगळं स्वयंपाकघर त्यांचं होतं, सगळ्या वेळा त्यांच्या होत्या. तरीही वन्संच्या वेळेला त्यांच्याच्याने आत पाऊल टाकवेना. त्या बाहेर बसून राहत. फोनवर भाचीच बोलायची. वन्सं बोलल्या की त्यांना दम लागायचा.

"मामी, मावशीच्या उजव्या सपातेचा सोल सुटलाय," एके दिवशी ती म्हणाली. "इथला चांभार लगेच शिवून देतोय, पण ही ऐकेल तर ना! म्हणते, माझ्या वहिनींकडेच पाठव. एवढ्याशा कामाला पार्सल करायचं का, सांग ना तू तिला."

"काय म्हणाल्या?"

"पार्सल कर म्हणते."

"ते नाही. कुणाकडे पाठव म्हणाल्या?"

"वहिनींकडे. माझ्या वहिनींकडे. का गं?"

"काही नाही. पाठव तू."

पार्सल आलं. वहिनी खिडकीपाशी उजेडात बसल्या आणि त्यांनी सपात उलटी केली. रबराच्या रेघा कुठेच झिजल्या नव्हत्या. वन्सं आता फारशा चालत नव्हत्या, हे त्यावरूनच कळत होतं. मग त्यांनी चष्मा पुसून टाके पाहिले. दोरा झिजून तुटला नव्हता. एकेक टाका कात्रीने नीट कापला होता. लोकरीला कुठे धक्का नव्हता. बसल्या बसल्या बराच वेळ लावून केलेलं काम होतं.

वहिनींनी सपात मांडीवर घेतली. मग त्यांनी दाभण घेतलं आणि सोल पुन्हा शिवला. शेवटचे थोडे टाके मात्र त्यांनी सैल ठेवले. कात्रीचं टोक सहज आत जाईल, इतके.