न मारलेली हाक

हिवाळा उतरणीला लागला होता. जेजू बेटाच्या काळ्या खडकांवर कोवळे ऊन सांडले होते. ज्वालामुखीने कधीकाळी ओकलेले ते खडक वाऱ्याने झिजले होते, मिठाने पांढुरले होते. समुद्र निळा होता, निर्मळ होता आणि निर्दय होता.

सत्तरी ओलांडलेल्या मालसूनने काळा रबरी पोशाख अंगावर चढवला. नळी नाही, हवेची टाकी नाही. एका श्वासावर तळ गाठायचा, शिंपले खरवडायचे, आणि वर येताच कोंडलेला श्वास शीळ घालत सोडायचा. ती शीळ म्हणजे जिवंत असल्याची ग्वाही. गावात अशा पाणबुड्या बायका आता तिघीच उरल्या होत्या.

खडकावर शहरातला छायाचित्रकार ग्वाक कॅमेरा रोखून उभा होता.

“आजी, जरा हसा की!”

“दात समुद्रात पडलेत. सापडले तर घेऊन येते.”

“तुमच्यानंतर हे सारं संपणार. शेवटचा फोटो समजा.”

“काढ बाबा. तुला शेवटचेच चांगले जमतात.”

त्याला टोमणा कळला नाही. नऊ वर्षांपूर्वी याच खडकावरून त्याने एक हात टिपला होता. लाटेतून वर आलेला, सोनेरी उन्हात थरथरणारा हात. त्याला सौंदर्य दिसले. मदतीचे मागणे दिसले नाही. तो हात चुनहाचा होता, मालसूनच्या धाकट्या बहिणीचा. मालसून तेव्हा खडकापलीकडेच होती. त्याची एक हाक पुरली असती. हाक आली नाही; चुनहा बुडाली. चित्र मात्र शहरोशहरीच्या भिंतींवर लागले.

मालसूनने बुडी मारली. खुणेसाठी तरंगत ठेवलेला तिचा नारिंगी गोळा पाण्यावर एकटाच डोलत राहिला. ती तळातळाने सरकत खडकाच्या आडोशाला गेली, वर आली, आणि ओठांवर तळवा दाबून तिने आपली शीळ गिळली.

एक मिनिट गेले. कॅमेरा वाजत होता. दुसरे गेले. कॅमेरा वाजत होता. मग थांबला.

“आजी?”

लाटा.

“आजीऽऽ! अहो, कोणी आहे का? धावाऽ! आजी बुडालीऽऽ!”

ती हाक कपारीकपारींत शिरली, थेट गावाच्या दगडी कुंपणांवर जाऊन आदळली. बुटांसकट तो पाण्यात उतरला. कमरेपर्यंत. छातीपर्यंत.

याच क्षणासाठी मालसूनने नऊ हिवाळे उरात निखारा जपला होता. आता तो विझेल, असे तिला वाटले होते. पण केवढा हा आवाज! म्हणजे त्या दिवशीही तो त्याच्या गळ्यात होता.

तिने तळवा काढला नाही. ऊन चढत गेले, भरती चढत गेली, तो ओरडत राहिला. आणि काळ्या खडकाला पाठ टेकून ती त्याची एकेक हाक पीत राहिली, तहानेने समुद्राचेच पाणी प्यावे तशी.