लसीका

"चिऊला लस टोचायची नाही म्हणजे नाही!" अक्का सोनकच्छहून फोनवर ओरडली. "यमुनेचं काय झालं ते दिसतंय ना?"

माझं डोकंच फिरलं. यमुना, माझी बायको, समोरच्या पलंगावर डोक्याला रुमाल बांधून बसली होती. तिसरी केमो होऊन पंधरा दिवस झाले होते. सोनकच्छच्या आसपास, त्या हिंदी मुलखात, तिने तीस वर्षं नर्सबाई म्हणून पोरांना लसी टोचल्या, आणि माझ्या सख्ख्या बहिणीने तिच्या आजाराचं खापर लसीवरच फोडावं!

पण त्याला निमित्त मीच. दवाखान्यातल्या तरण्या डॉक्टरने माझ्या हातात एक हिंदी कागद ठेवला, 'लसीका तंत्र का कैंसर', आणि लगेच पुढच्या नंबरला हाक मारली. समजावून सांगायला त्याचं तोंड दुखत होतं की काय! मी तो शब्द अक्काला फोनवर तसाच वाचून दाखवला. हिंदीत लसीला टीका म्हणतात, त्यामुळे मराठी घरात 'लसीका' कसं ऐकू येईल, हे त्या डॉक्टरच्या गावीही नसणार. अक्काने ऐकलं, लसीचा कॅन्सर. गल्लीत तिने ते हिंदीत सांगितलं, टीके का कैंसर. महिनाभरात त्या गल्लीतून लसीकरणाला एकही पोर येईनासं झालं.

"अहो, गाडी काढा," यमुना म्हणाली.

"डॉक्टरांनी गर्दीत जायला मना केलंय."

"आणि कुणाचं पोर गोवरानं गेलं तर? माझ्या नावावर?"

अक्काच्या ओसरीवर गल्लीतल्या पाच-सहा बायका जमल्या. नवी नर्स अंकिता लसीची पेटी घेऊन आली होती. यमुना मास्क लावून जरा लांबच बसली. तिने पदर सरकवून मानेवरच्या उरलेल्या गाठी दाखवल्या.

"वन्सं, लस वेगळी आणि लसीका वेगळी. लसीका म्हणजे अंगात फिरणारं एक पाणी. त्यात आपल्या राखणदार पेशी असतात, रोगाशी लढणाऱ्या. माझ्या त्याच बिघडल्यात. नुसत्या वाढत सुटल्यात, मरतच नाहीत, म्हणून ह्या गाठी."

"म्हणजे इम्युनिटी कम झाली तुझी. मी म्हणतच होते, गिलोयचा काढा पी."

"कम नाही झाली हो, तीच फिरली! लस तर तिला रोग ओळखायला शिकवते." मग ती बायकांकडे वळली. "सुन लो सब. टीके से नहीं हुआ मुझे. बच्चों को खसरा होगा, तब मानोगी क्या?"

बोलता बोलता तिला धाप लागली. मला त्या सगळ्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा. अखेर अक्का आत गेली आणि नातीला, चिऊला, घेऊन आली.

"टोच. पण तूच टोच. ह्या पोरीवर माझा भरवसा नाही."

अंकिताने सुई भरून पुढे केली. औषधांनी यमुनेची बोटं बधिर झाली आहेत, हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. तिने सुई धरली, ती निसटली. पुन्हा धरली. मग हळूच अंकिताच्या हातात दिली.

"तू लगा, बेटा."

बघवत नसेल तर तोंड फिरवा, असं ती तीस वर्षं आयांना सांगत आली. चिऊ कळवळून रडली, तेव्हा यमुना भिंतीकडे बघत होती.