माझ्या पाण्यातलं मीठ

मित्रांनो, मी एक जुना गरम पाण्याचा टब आहे. तुम्ही म्हणाल, टब तो टब, त्याची कसली आलीय कहाणी! पण ऐका तर खरं. हल्ली माझ्यात पाणी नसतं. वाळलेली पानं असतात आणि वर ताडपत्री असते, तीही एका कोपऱ्यात फाटलेली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली पडून असतो आणि त्या खिडकीतून जे दिसतं ते बघून माझा जीव तुटतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. पांढरा प्लास्टिकचा पत्रा तापवून मऊ केला, साच्यावर ओढला आणि मला आकार आला. मग पोटाखाली पंप, हीटर आणि नळ्यांचं जंजाळ बसवलं. चार माणसं ऐसपैस बसतील एवढा मी मोठा, पण माझ्यात आयुष्यभर एकच माणूस बसलं. ते म्हणजे काकू.

काका आणि काकू बेकरी चालवत. काका पाव भाजायचे आणि काकू केकवर नावं लिहायच्या. क्रीमची पिशवी एकदा हातात घेतली की अख्खं नाव एका दमात पुरं करायच्या. मग त्यांच्या बोटांचे सांधे सुजायला लागले. सकाळी उठल्यावर मूठ उघडेना. डॉक्टरांनी बजावलं, "हात चालते ठेवायचे असतील तर रोज सकाळी अर्धा तास गरम पाण्यात बसा. खाडा करू नका." म्हणून मी या घरात आलो.

पाणी साफ राहावं म्हणून काका माझ्यात क्लोरीनची पूड टाकायचे. डबीवर चमचाभर लिहिलेलं, काका मूठभर टाकणार! काकूंच्या अंगाला खाज सुटली, बोटांची कातडी फाटली. सांध्यांना बरं वाटायचं आणि कातडीची आग व्हायची. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय! शेवटी मला विकलं होतं त्या दुकानातली बाई मला बघायला घरी आली.

ती म्हणाली, "क्लोरीनऐवजी ब्रोमीनच्या गोळ्या घेता येतील. नाहीतर मिठाचं यंत्र बसवा. पाण्यात थोडं मीठ घालायचं, यंत्र त्यातूनच क्लोरीन तयार करतं."

"म्हणजे क्लोरीन आहेच की!" काकू म्हणाल्या.

"आहे ना, पण ते थोडं थोडं तयार होतं, एकदम मूठभर पडत नाही. म्हणून अंगाला सोसतं. फक्त दर आठवड्याला ही कागदी पट्टी बुडवून मीठ मोजायचं. जास्त झालं तर हीटर गंजतो."

काकांनी त्यातला 'मीठ' एवढाच शब्द ऐकला आणि खूश झाले. "गोळ्याबिळ्या मला कळत नाहीत, बाई. मीठ मात्र माझ्या ओळखीचं आहे." झालं, ठरलं! पट्ट्यांची डबी त्यांनी तिथल्या तिथे परत केली. "चाळीस वर्षं कणकेचं मीठ जिभेवर बघतोय. कागदाला काय विचारायचं?"

खरं सांगू? निवड चांगलीच होती. पहिल्यांदा मीठ बाईनेच मोजून घातलं. पंधरा दिवसांत काकूंची कातडी भरून आली. वीस मिनिटं पाण्यात बसल्या की मूठ उघडायची. मग त्या पाण्याखालीच बोटाने त्या दिवशीच्या केकवरचं नाव गिरवून बघायच्या आणि स्वतःशीच म्हणायच्या, "हात्तिच्या, जमतंय की!" तसे दोन हिवाळे गेले. मला वाटायचं, टबाच्या जन्माला येऊन आणखी काय हवं?

तिसऱ्या वर्षी काकांना मोठा ताप आला. ताप गेला, पण त्याच्या मागोमाग जिभेची चवही जायला लागली. अगदी हळूहळू गेली, त्यामुळे त्यांनाच ते कळलं नाही. रविवारी ते माझ्या पाण्यात बोट बुडवून चाटायचे, "अळणी!" म्हणायचे आणि वाटीभर मीठ ओतायचे. मीठ जास्त झालं की माझं यंत्र लाल दिवा लावून आपोआप बंद पडायचं. यंत्र बंद म्हणून पाणी गढूळ व्हायचं, आणि पाणी गढूळ म्हणून काका आणखी एक वाटी ओतायचे. "या यंत्राला काय कळतंय!" असं म्हणत एक दिवस त्यांनी लाल दिव्यावर पावाच्या पिशव्यांची चिकटपट्टी लावून टाकली. माझा सांगण्याचा तेवढा एक मार्ग होता, तोही गेला.

काकूंना मात्र सगळं कळत होतं. हातात फोन धरवत नसे, म्हणून तो माझ्या काठावर ठेवून त्या धाकट्या बहिणीशी बोलायच्या. "अगं, पावसुद्धा खारट होतोय. गिऱ्हाइकं कुरकुरतात. मी म्हणते, यंदा पीठच तसं आलंय."

"मग भाऊजींना सांग की, ताई!"

"कसं सांगू? त्या जिभेवर त्यांनी जन्म काढलाय. चव गेली हे कळलं तर माणूस खचेल गं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि तुझी मूठ उघडेनाशी झाली म्हणजे?"

काकूंनी विषय बदलला.

मग एका सकाळी माझं पाणी गार पडलं. दुरुस्तीवाला आला, त्याने माझी बाजूची फळी काढली आणि तोंडात बोट घातलं. हीटरचा पार भुगा झाला होता, पंपातून पाणी झिरपत होतं. त्याने पट्टी बुडवून पाहिली. मीठ तिपटीहून जास्त! "अर्धं पाणी काढून साधं भरलं असतं तरी वाचला असता हो. हा प्रकार आता बनत नाही, याचे सुटे भाग मिळत नाहीत. एवढं मीठ ओतलं कुणी?"

"मी," काकू चटकन म्हणाल्या. "माझंच चुकलं."

काका भडकले. "तुला कुणी सांगितलं होतं नसते उद्योग..." आणि एकदम थांबले. मिठाची दहा किलोची पिशवी भिंतीशी उभी होती. काकूंना चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी उचलावा लागायचा. काकांनी पिशवीकडे पाहिलं, मग काकूंच्या बोटांकडे पाहिलं. त्यांनी माझ्या पाण्यात बोट बुडवलं आणि तोंडात घातलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा घातलं.

"मला काहीच लागत नाही गं," ते म्हणाले. "तुला कधीपासून माहीत होतं?"

"राहू द्या हो आता."

दुरुस्तीवाला मान खाली घालून निघून गेला. काकांनी त्याच महिन्यात बेकरी बंद केली. कमाई थांबली, म्हणून नवा टब काही आला नाही. काका पातेल्यात पाणी तापवून काकूंचे हात तासन्‌तास धरून बसायचे, पण त्या थंडीत मिटलेली बोटं पुन्हा उघडली नाहीत. मी पाच पावलांवर होतो, चार माणसांना पुरेल एवढा, आणि मला त्यांची दहा बोटं बरी करता आली नाहीत. याचं दुःख कुणाला सांगू?

आता रोज दुपारी खिडकीतून दिसतं. काका स्वयंपाक करतात आणि काकूंना चमच्याने भरवतात. पहिल्या घासाला विचारतात, "मीठ बरोबर आहे का? खरं सांग हं." काकू म्हणतात, "अगदी बरोबर आहे." काकांचा चमचा तसाच हातात राहतो. ते कितीतरी वेळ काकूंच्या तोंडाकडे बघत बसतात. खरं की खोटं, त्यांना कळत नाही. मग ते ढसाढसा रडतात. काकू मनगटाने त्यांचे डोळे पुसतात.

मित्रांनो, माझ्यासारखा टब तुमच्याकडे असेल तर पाण्यातलं मीठ मोजत जा, फार काम नसतं ते. आणि तुमच्या घरात कुणी तुमचं मन राखायला नेहमी 'बरोबर आहे' म्हणत असेल, तर त्याला जवळ बसवून विचारा. तुम्हीच तसं म्हणत असाल, तर आज जेवतानाच खरं सांगून टाका. समोरचा रडेल, चिडेल, एखादा दिवस बोलणार नाही. पण तुम्ही सांगा.