वर कुणी नाही

धरणाच्या पाण्याला दोन धनी होते. पॉवरहाउसच्या साहेबांना ते सगळं टर्बाईनवर सोडायचं असायचं आणि ताईला बोटींसाठी हवं असायचं. धरणाच्या कडेला लांबलचक हौद होता, त्याची ऑपरेटर ताई. वरून आलेली बोट हौदात घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, हौदाचं पाणी उतरवायचं, की बोट अलगद खालच्या नदीत. एका बोटीपायी केवढी वीज वाया जाते म्हणून साहेब ताईच्या नावानं खडे फोडायचे. तीही काही ऐकून घेणारी नव्हती.

त्या सकाळी धुकं असं दाटलं होतं की हौदाचा समोरचा काठ दिसेना. ताईचा धाकटा भाऊ सिमेंटची बोट घेऊन यायचा होता. तो वेळेवर आला नाही, तसा तिचा जीव टांगणीला लागला. शेवटी एकदाचा भोंगा वाजला. दोन लांब, एक आखूड. बहिणीला हाक मारायची त्याची ही लाडकी खोड.

बोट डोळ्यांनी बघितल्याशिवाय पाणी उतरवायचं नाही, असा नियम. पण सख्ख्या भावाला ओळखायला डोळे कशाला लागतात? तिनं वरचा दरवाजा उघडला. पाणी हललं, भिंतीला काहीतरी खरवडत आत आलं.

"आलास का रे?" तिनं विचारलं.

उत्तर नाही. उशीर केलाय, बोलणी बसणार, म्हणून गप्प असेल मेला. तिनं दरवाजा लावला, पाणी उतरवलं आणि खालचा दरवाजा उघडून दिला.

मशीन जोरात चालली की वरच्या बोटी पॉवरहाउसच्या तोंडाशी लावलेल्या जाळीकडे ओढल्या जायच्या. म्हणून धुक्यात साहेब आधी ताईला विचारायचे. त्यांचा फोन आलाच.

"वर कुणी आहे का?"

"भाऊच होता, गेला खाली. वर कुणी नाही. लावा मशीन."

जमिनीतली घरघर वाढली. तेवढ्यात वरच्या बाजूनं भोंगा वाजला. दोन लांब, एक आखूड. मागोमाग भावाची आरोळी, "ताई, बोट ओढली जातेय गं! दरवाजा उघड!"

हौद तर उतरलेला. वरच्या पाण्याचा एवढा दाब असताना दरवाजा उघडणार कसा? ताईच्या तोंडचं पाणी पळालं. "बंद करा! मशीन बंद करा!" ती फोनवर किंचाळली. साहेब एरवी शंभर प्रश्न विचारणारे, पण त्या वेळी एकही विचारला नाही. घरघर थांबली.

बोट जाळीला टेकून कलली होती. धरणावरच्या माणसांनी दोर टाकून भावाला वर ओढलं. हौदाकाठच्या केबिनमध्ये आल्यावर ताईनं आधी त्याला शिव्या घातल्या, मग पोटाशी धरून ती ढसाढसा रडली. भाऊ हाती लागला, आता जगात दुसरं काही नको, असं तिला झालं.

साहेबांचा फोन आला. "वाचला ना? छान. मग मघाशी तुम्ही खाली कुणाला सोडलंत?"

 तिनं फोन ठेवला, तो लगेच पुन्हा वाजला. खालच्या धक्क्याजवळच्या घरून भावजय बोलत होती.

"ताई, काळजी करू नका, हे आले घरी. पण नखशिखांत भिजलेत हो, आणि तोंडातून शब्द नाही. आल्या आल्या बाळाला मांडीवर घेतलंय, मी मागतेय तरी सोडत नाहीत."

"कुणाचा फोन गं?" भावानं विचारलं.